शिंदीचा गूळ

मंडलबाबू झाडांना सुट्टी द्यायचे. थंडीत शिंदीच्या झाडाने तीन दिवस रस दिला, की पुढचे तीन दिवस त्याला आराम. त्या दिवसांत कोणी त्या झाडाला नुसता बैल बांधला तरी बाबू धावत यायचे. "सोड, सोड. ते थकून हाय," म्हणायचे. एवढ्या सुट्ट्या आमच्या शाळेलाही नव्हत्या, आणि हे मी मास्तर म्हणून सांगतो आहे.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी चामोर्शीकडच्या एका खेड्यात नोकरीला होतो. गावाला लागूनच बंगाली लोकांची वस्ती होती. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली, छावण्यांमध्ये वर्षं काढलेली आणि शेवटी सरकारने जंगलाच्या कडेला जमिनी देऊन वसवलेली ही माणसं. हरिपद मंडल त्यांच्यातले. वय चाळिशीच्या आसपास, घरात बायको आणि म्हातारी आई. आम्ही त्यांना बाबू म्हणायचो, ते मला मास्तरमोशाय. बोलायचे आमच्या झाडीपट्टीतलंच मराठी, फक्त प्रत्येक शब्द जरा गोल होऊन यायचा.

आणि त्यातले निम्मे शब्द "आमच्या देशात" हे असायचे. आमच्या वैनगंगेकडे बघून ते म्हणाले होते, "आमच्या देशात असा नाला रायते." मार्कंड्याच्या जत्रेला दरवर्षी जायचे आणि आमच्या देशातली जत्रा कशी असते हे सांगत परत यायचे. गावात दंडारीचा खेळ असला की पहिल्या रांगेत बसणार, शेवटपर्यंत हलणार नाहीत, आणि उठताना म्हणणार, "बरं होतं. पण आमच्या देशात नाटक रायते."

एकदा देवाजी नावाच्या माझ्या शेजाऱ्याने विचारलंच, "बाबू, एवढा चांगला तुमचा देश, तं इथी काऊन आले जी?"

बाबू आठवडाभर देवाजीशी बोलले नाहीत. मग पोळा आला तेव्हा त्याच्याच घरी जाऊन चार पुरणपोळ्या खाऊन आले.

पण खरा वाद होता गुळाचा. शिंदीच्या झाडाचं काय करायचं असतं हे आमच्या भागात शिकवावं लागत नाही. मडकं बांधायचं, उन्हं वर येऊन रस आंबेपर्यंत दम धरायचा, आणि प्यायची. बाबू मात्र रस आंबू नये म्हणून आधी मडकी गवताच्या धुराने शेकून घ्यायचे, सूर्य उगवायच्या आत ती उतरवायचे आणि तो रस पसरट कढईत आटवून त्याचा गूळ करायचे. गाव हळहळायचं. "चांगल्या शिंदीचा सत्यानाश करून राह्यला बाबू," असं देवाजी घरातलं लेकरू वाया गेल्यासारखं सांगायचा.

बाबूंचं मत उलटं. "झाड गोड पाणी देते. तुमी ते सडू देता, मंग पिता. तुमाले झाडाची अक्कल नाई."

एका थंडीत बाबू दारू गाळतात अशी कोणीतरी चुगली केली आणि पोलीस जमादार दोन पंच घेऊन वस्तीवर आले. पंचांत देवाजी होता, कारण शिंदी ओळखण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. कढई उकळत होती. जमादारांनी पुरावा म्हणून एक वाटी घेतली, शंका उरली म्हणून दुसरी, खात्रीसाठी तिसरी. देवाजीने एकाच वाटीत हात टेकले. "साहेब, नुसतं गोड हाय जी. याच्यात काईच नाई." पंचनाम्यात गुन्हा आढळला नाही असं लिहिलं गेलं. तरी जाताना एक ढेप जमादारांच्या सायकलला लागलीच.

मला त्या गुळाची चटक लागली होती. शाळेआधी मी वस्तीवर चक्कर टाकायचो, आणि तिथे रोज एक परीक्षा बघायला मिळायची. अंगणात खाटेवर बाबूंची आई. तिच्यासमोर बाबू बशीत कोमट गूळ घेऊन उकिडवे बसायचे. ती बोटाने चाटायची, जरा थांबायची आणि मान हलवायची. नाही. मग बंगालीत एखादं वाक्य. कधी धूर जास्त, कधी रस उतरवायला उशीर, कधी थंडीच कमी. गावाला अक्कल शिकवणारा हा माणूस नापास पोरासारखा उठायचा, आणि पाळी आलेल्या झाडावर पुन्हा चढायचा. उरलेली बशी मी चाटायचो. मला तर सगळेच गूळ पास वाटायचे.

"बाबू, तुमच्या देशातल्यासारखा मुळात इथे होईल का हो?" मी एकदा विचारलं.

ते कढई घासत होते. हात थांबला. "मले काय मालूम, मास्तरमोशाय? आलो तवा मी आईच्या कडेवर होतो. ना नदी पाह्यली, ना गूळ खाल्ला. आई सांगते, मी बोलतो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आमच्या वैनगंगेला नाला म्हणणाऱ्या माणसाने तिच्याहून मोठी नदी पाहिलेलीच नव्हती, हे कळून मला त्यांचा राग यायचा तो कायमचा थांबला.

माझ्या तिथल्या सहाव्या वर्षी कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी म्हातारीने बोट चाटलं, परत बशीत घातलं, आणि मान हलवलीच नाही. बशी मुलाच्या हातातून काढून घेतली आणि पुसून खाल्ली. बाबू तिच्याकडे बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी घरोघरी गूळ वाटला, देवाजीला सगळ्यांत मोठी ढेप.

त्यानंतरच्या पावसाळ्यात म्हातारी गेली.

पुढच्या थंडीत शिंदीला मडकी दिसेनात. मीही विचारलं नाही. मग एका सकाळी बाबू शाळेच्या दारात उभे, हातात फडक्याने झाकलेली बशी.

"चाखा," ते म्हणाले. "आता चूक सांगणारं कोणी नाई. बिघडला तरी मले समजणार नाई."

छान झाला म्हणणं अगदी सोपं होतं. पण इतकी वर्षं मी त्या खाटेशेजारी बसून बशा चाटल्या होत्या, आणि पास झालेली ती एक चव माझ्या जिभेवर होती.

"बाबू, धूर जास्त झाला," मी म्हणालो. "रसही उशिरा उतरवलात."

बाबूंनी मान खाली घातली. फडक्याने डोळे पुसले, आणि बशी परत घेतली.

"उद्या परत आणतो," म्हणाले.