इथे जात पाहत नाहीत

अमरावतीत पाऊल ठेवल्यापासून मोरोपंत मास्तर एकच सांगत होते, की अशी ख्रिस्ती मंडळी उभी करतो की वऱ्हाड बघत राहील. पंत मूळचे नगरकडचे, ब्राह्मणाचं घर सोडून ख्रिस्ती झालेले. देवळात जातीप्रमाणे उभं राहायचं आणि चर्चमध्ये हुद्द्याप्रमाणे बसायचं, दोन्हींचा त्यांना वीट आला होता. त्यांच्या मंडळीत बाक नाही, घंटा नाही, पाद्री नाही. यावं, खाली बसावं, मनातलं बोलावं.

जागा मिळाली ती बाजारालगतची कापसाची रिकामी वखार. पंतांनी दारावर पाटी लावली : 'इथे जात पाहत नाहीत. जसे असाल तसे घेऊ. कोणालाही परत पाठवणार नाही.'

आता ते साल अमेरिकेतल्या लढाईचं. तिकडचा कापूस बंद झाल्यानं विलायतेला वऱ्हाडचा कापूस पुरत नव्हता आणि वऱ्हाडात माणसं कापसाखेरीज दुसरं काही बोलत नव्हती. दलाल शेतकऱ्याच्या बैलबंडीत कोपरापर्यंत हात घालून कापसाची जात पाहत, आणि माल ओला किंवा कचऱ्याचा निघाला की बंडी माघारी. अशा माघारी निघालेल्या शेतकऱ्यांनी दलालाचे कारकून वामनराव यांना पाटी वाचायला सांगितली. वामनरावांच्या तोंडात पान होतं. त्यांनी थोडक्यात सांगितलं, की इथे जात बघत नाहीत, जसा असेल तसा घेतात.

रविवारी सकाळी पंत येतात तो वखारीपासून पार नाक्यापर्यंत बंड्याच बंड्या! पंतांचे डोळे भरून आले. ते उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "ज्यांना सगळ्या दारांवरून हाकललं, त्यांच्यासाठीच हे दार आहे. डाग असो, मळ असो, आम्ही विचारणार नाही."

अचलपूरच्या जानरावांचा सगळा कापूस भिजलेला. इतकं गोड बोलणारा व्यापारी त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी दोन बोजे आत नेऊन टाकले. लोकांनी बसायला गादीसुद्धा घरून आणली, असं समजून पंतांनी त्यांचं तोंडभर कौतुक केलं. तासाभरात वखार आढ्यापर्यंत भरली, तरी पंत कौतुकच करत होते.

मग जानरावांनी विचारलं, की वजन कवा करता?

पंतांना आत्ता कुठे उलगडा झाला. त्यांनी परोपरीनं समजावलं, की पाटी माणसाच्या जातीबद्दल आहे.

"मानसाची जात पाहाले कापसाच्या वखारीत कोन येते, गुरुजी?" जानराव शांतपणे म्हणाले.

पाटीवर लिहिलंय ते लिहिलंय, माल परत जाणार नाही, असं शेतकऱ्यांनी ठरवलं. बोळ अरुंद, त्यामुळे शेवटची बंडी हलल्याशिवाय पहिली हलेना. पंत एकेका बंडीवाल्यापाशी जाऊन तीच हकीकत सांगत सुटले. शेवटच्या बंडीपाशी पोचेपर्यंत त्यांचा आवाज फाटक्या ढोलकीसारखा झाला होता. तिथला म्हातारा सगळं ऐकून म्हणाला, की ते ठीक आहे, पण भाव काय देता?

उन्हं कलताना पंत चिडून, थकून वखारीत परतले. आत कोणाचा कापूस कुठला यावरून भांडण होऊन गेलं होतं, आणि राखण म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या ढिगावर बैठक मारली होती. मधल्या ढिगावर पार्बताबाई बसली होती. ही गावकुसाबाहेरची विधवा; पंतांच्या बोलावण्याला खरोखर प्रार्थनेसाठी आलेली ती एकटीच. ती बायबलातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होती. तिच्या गोष्टीतलं मेंढरू पातूरच्या डोंगरात हरवलं होतं आणि धनी काटेकुटे तुडवत त्याला हाका मारत होता. कुणबी, माळी, तेली, सगळे दाटीवाटीनं बसून ऐकत होते. कोणाचा गुडघा कोणाला लागतोय, याचं भान कोणाला नव्हतं.

पंत दारातूनच घोगऱ्या आवाजात म्हणाले, की पातूर नव्हे, आणि मेंढरं शंभर होती.

जानरावांनी त्यांना हातानंच गप्प केलं. गोष्ट संपल्यावर, मेंढरू सापडल्यावर, ते डोळे पुसत दाराशी आले.

"गुरुजी, फुडच्या रविवारी बी हे असनच ना? बाई लई चांगलं सांगून राहिली. आमी येतो." मग जरा विचार करून त्यांनी पंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमाले बरं नसन त तुमी नाई आले तरी चालते."