हनुवटीचे सहा मिलिमीटर

"कॅमेऱ्यासमोर कसं बसायचं, हे मला कुणी शिकवायचं नाही!" स्कॅनच्या खोलीत शिरता शिरता फोटोवाल्यांनी बायकोला ऐकवलं.

आता बावीस वर्षं ज्याचा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे, त्याने एवढं बोलायचं नाही तर कुणी? अख्ख्या पेठेच्या वाकड्या माना त्यांनी सरळ केल्या होत्या. फक्त त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्याचं काम देवाने घाईत उरकलं होतं. खालचा जबडा चांगलाच मागे! पुढचे दात एकमेकांना कधी भेटायचेच नाहीत, साधं सफरचंद खायचं तरी सुरी लागायची. तेही चाललं असतं. पण झोपेत श्वास अडकायचा आणि बायको बिचारी त्यांना गदागदा हलवत बसायची. म्हणून जबड्याचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यासाठी गृहस्थ दीड वर्ष दातांना तारा लावून हिंडत होते.

"काका, मागचे दात सहज मिटा आणि हलू नका," स्कॅनवाला म्हणाला.

काकांनी मान ताठ केली, खांदे सैल सोडले आणि असे बसले की यंत्रालाही धन्य वाटावं.

ऑपरेशनला चार दिवस उरले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. त्यांची पद्धत अशी, की जबडा आधी कॉम्प्युटरवर कापायचा, हवा तेवढा पुढे सरकवायचा, आणि मग तेच माप धरून खरं ऑपरेशन. पडद्यावर फोटोवाल्यांची कवटी गरगर फिरत होती. शेजारी कॉम्प्युटरवाला अभिमानाने बसला होता. बाईंचं तोंड मात्र उतरलं होतं.

"वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर माझ्या वहीत दहा मिलिमीटर आहे," त्या म्हणाल्या. "इथे चारच! मधले सहा गेले कुठे?"

"कॉम्प्युटर चुकत नाही, मॅडम!"

"मग मी चुकते का?"

"तसं नाही... पण वही हाताने लिहिलेली असते."

झालं! बाईंचा पारा चढला. "स्कॅन दुसऱ्याच कुणाचा तरी आहे!"

"दात यांचेच आहेत. ही बघा अक्कलदाढेची वाट लागलेली!"

आपली अक्कलदाढ चारचौघांत निघालेली फोटोवाल्यांना मुळीच आवडली नाही. शेवटी बाईंनी पट्टी घेतली. "या, इथे बसा. आत्ताच मोजू."

फोटोवाले खुर्चीवर बसले. समोर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरच्या डोक्यावर बारीकसा कॅमेरा. बाईंनी मोजलं. चार!

बाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "चारच असेल तर एवढं मोठं ऑपरेशन कशाला? पुढे ढकलावं लागेल. कदाचित रद्दच."

फोटोवाल्यांनी हातच जोडले. दीड वर्षाच्या तारा! आणि पुन्हा तो अडकणारा श्वास, बायकोचे ते तारवटलेले डोळे! "अहो, मला खरंच त्रास होतो हो," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. पण बोलून झाल्यावर तोंड पुन्हा होतं तसं ऐटीत मिटलं.

इतका वेळ बायको पडद्याकडे टक लावून बघत होती. "डॉक्टर," ती हळूच म्हणाली, "हे आमचे हे नाहीत."

"बघा! मी म्हटलं नव्हतं?"

"म्हणजे आहेत हेच. पण हे आमच्या लग्नाच्या अल्बममधले आहेत. घरात असतात ते वेगळेच! थांबा, पट्टी तयार ठेवा." मग ती नवऱ्याकडे वळून एकदम किंचाळली, "अहो! निघताना गॅस बंद केलात का?"

"अगं बाई!" फोटोवाल्यांचा जबडा धाडकन मागे गेला.

बाईंनी झडप घालून पट्टी लावली. "दहा! पूर्ण दहा!"

मग उलगडा झाला. कॅमेरा दिसला की जबडा पुढे काढून बसायची सवय त्यांना शाळेतल्या पहिल्या फोटोपासून होती. आता तर ती आपल्याला आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं!

"या मापाने कापलं असतं तर जबडा सहा मिलिमीटर मागेच राहिला असता," बाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. "आणि श्वासही तसाच अडकत राहिला असता." खोलीतल्या चौघांनीही एकदमच सुस्कारा सोडला. कॉम्प्युटरवाल्याचा जरा जास्तच मोठा होता. दात जागेवर राहावेत म्हणून दुसऱ्या स्कॅनला बाईंनी तोंडात मेणाची पट्टीच चावायला दिली. घरी पोचेपर्यंत फोटोवाल्यांना मात्र घोर लागला होता. गॅस बायकोने स्वतःच्या हाताने बंद केला होता, हे तिने दारात कुलूप काढताना सांगितलं!

ऑपरेशन उत्तम झालं. जबडा दहाच्या हिशेबाने पुढे आला, श्वास मोकळा झाला आणि बायको कित्येक वर्षांनी सकाळपर्यंत गाढ झोपली. दोन महिन्यांनी फोटोवाल्यांनी अख्खं सफरचंद सुरीशिवाय खाल्लं आणि त्या आनंदात स्टुडिओत दोघांचा फोटो काढायचा ठरवला. कॅमेऱ्याचं घड्याळ लावून ते धावत बायकोशेजारी येऊन बसले, मान ताठ केली, खांदे सैल सोडले.

खटॅक!

बायकोने फोटो बघितला आणि पोट धरून हसत सुटली. कपाटाचा खालचा खण कुणीतरी उघडा विसरावा, तशी हनुवटी बाहेर आली होती.

"अहो, आत घ्या ती!" डोळे पुसत ती म्हणाली. "आता तुमचीच आहे!"