सातव्या मनोऱ्याच्या बोलण्याची बखर

श्रीजलदेवता प्रसन्न असो, आणि प्रसन्न नसेल तर निदान तिने गैरसमज करोन घेऊ नये. शके सोळाशे त्रेसष्ट, दुर्मतीनाम संवत्सर, त्या साली एका राज्यात जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव कोणी विचारू नये. विचारणाराचे नाव आधी लिहून घ्यावे लागते.

त्या राज्यात संशयास बहुत मान होता. महाराजांचे ताट चाखणारा एक असे, आणि चाखणारावर नजर ठेवणारा दुसरा असे, आणि तव्यावर भाकरी फुगली तरी हिच्या पोटात काय आहे म्हणोन मुदपाकखान्यात चौकशी होत असे. चौकशीचा मुख्य गोमाजी नजरबाज. त्याचे म्हणणे ऐसे की भरलेले असते ते दिसते, भय आहे ते रिकाम्याचे. म्हणोन मोकळा कोनाडा, कोरा कागद आणि बोलता बोलता मध्येच थांबणारा मनुष्य, या तिन्हींवर त्याचा सारखाच डोळा असे. मी त्याच्याच हाताखालचा लिहिणार, म्हणजे कारकून, होतो. माझे नाव येथे घालीत नाही, आणि का घालीत नाही ते पुढे कळेल.

मग ऐसे जाहले की शहरातील विहिरी आटल्या, आणि तीन कोसांवरील तलावाचे पाणी जमिनीखालून खापरी नळाने आणावे ऐसे महाराजांच्या मनात आले, आणि ते काम हैबती पाथरवटास सांगितले. हैबतीस अक्षर येत नव्हते. तो खांद्यावर सुतळी टाकून सहा महिने डोंगर मोजीत हिंडला, आणि मग ओल्या मातीवर काठीने सारी आखणी काढून त्याने महाराजांस दाखविली, आणि सहा महिने नुसते चालण्यात घालविले म्हणोन दरबार कुरकुरला. परंतु खणणे एकदा सुरू जाहले ते कोठे अडले नाही, आणि एक हातभर नळ उकरून पुन्हा घालावा लागला नाही, आणि माघमासी काम सिद्ध जाहले. काम इतके सरळ कसे जाहले, याचाही एक संशय गोमाजीने टिपून ठेविलाच.

नळाच्या वाटेवर हैबतीने अकरा मनोरे उभे केले होते. दोन पुरुष उंच, दार नाही, जिना नाही, आत पोकळ आणि माथ्यास भोक. कारागीर त्यांस उच्छ्वास म्हणतात. सातवा मनोरा खिंडीत, सर्वांहून उंच जागी होता. त्यांच्या पोटात काय आहे ऐसा दरबारात प्रश्न निघाला, आणि हैबतीने हात जोडून सांगितले, "कायबी न्हाई, म्हाराज. रिकामं हाय. रिकामं ऱ्हावं म्हनूनच बांधलंय."

हे उत्तर दरबारास सोसवले नाही. हैबतीने परोपरीने समजाविले की नळात पाण्याआधी हवा बसलेली असते, तिला निघावयास वाट लागते, आणि जागा सोडणे हा सर्वच कामांचा धर्म आहे. तोफेच्या गोळ्याभोवती दोराभर फट नसेल तर तोफच फुटेल, दाराच्या फळीस पावसाळ्यापुरती जागा न सोडली तर दार अडेल, जोशीबावांच्या घटिकापात्रास बुडाशी भोक नसेल तर घटका कळणार नाही. गोमाजीने ही सर्व भोके लिहून घेतली आणि त्याच दिवशी घटिकापात्राचे भोक मेणाने बुजविले. मग पात्र बुडेना, आणि घटका भरेना, आणि त्या दिवशी दरबारात दुपार जाहलीच नाही. महाराजांसुद्धा सर्व मंडळी दिवस मावळेतो उपाशी बसोन राहिली, आणि हा दोषही हैबतीच्याच माथी आला.

पुढे गोमाजीस खबर लागली की खिंडीतला मनोरा बोलतो. लागलीच मजला कागद-दौत देऊन तेथे बसविले, आणि तीन दिवस तो जे बोलेल ते लिहिण्याची आज्ञा जाहली. पहिले दिवशी वारा होता आणि मनोरा "घूं" म्हणाला, ते मी लिहिले. दुसरे दिवशी "घूं ऊं" म्हणाला, तेही लिहिले. तिसरे दिवशी वारा पडला आणि मनोरा काहीच बोलला नाही. आता मागील साली एका लिहिणाराने कोरा कागद हजर केला होता, आणि तू काय लपविले म्हणोन त्यास धरिले, त्याचे पुढे काय जाहले ते आम्हां कोणास विचारवत नाही. मी भ्यालो. हैबती हवेस वाट हवी म्हणाला होता ते आठवून मी कागदावर दोन शब्द घातले, "वाट मोकळी". यात कोणाचे काय वाईट होईल ऐसे मजला वाटले.

गोमाजीने तो कागद ढुंढिराज शास्त्री यांस दाखविला. शास्त्री गुप्त लिपी उलगडीत. त्यांनी तीन दिवस विचार करोन निकाल दिला की घूं म्हणजे घोडदळ, ऊं म्हणजे उत्तर दिशा, आणि उत्तरेकडील शत्रूच्या घोडदळास वाट मोकळी आहे ऐसा सांगावा हैबती मनोऱ्यातून पाठवितो. मग अकराही मनोऱ्यांची तोंडे दगड-चुन्याने बुजविली. हैबती नको नको म्हणत मागोमाग फिरला, आणि तो इतके का नको म्हणतो हेही लिहून घेतले.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेस तलावाचे दार उघडले. शहरच्या हौदाशी बायका हंडे-कळश्या घेऊन उभ्या, महाराज उभे, वाजंत्री उभी. नळाने दोन वेळा गुळणा टाकावा तैसा चिखल टाकिला आणि पुढे थेंब आला नाही. गोमाजी म्हणाला की फितुरी शाबीत जाहली, आणि हैबतीस जागीच धरिले, आणि दिवस मावळण्याच्या आत कडेलोट करावा ऐसे ठरले.

हैबतीने पाण्याचे घंगाळ आणि एक रिकामी झारी मागितली. झारीचे तोंड तळहाताने दाबून तोटी घंगाळात बुडविली, पाणी आत शिरेना. हात काढिला, तैसे शिरले. महाराज वाकून पाहात होते. गोमाजी म्हणाला, "हात कोणाचा होता, तेवढे महाराजांनी ध्यानी घ्यावे." महाराजांनी झारीकडे पाहिले, गोमाजीकडे पाहिले, आणि मग आज्ञा केली की आपल्यासमक्ष सातव्या मनोऱ्याचे तोंड फोडावे. तो पुन्हा वाट मोकळी ऐसे बोलला तर हैबती तेथूनच कड्यावर जाईल, न बोलला तर सुटेल. आणि लिहावयास तोच लिहिणार बसवावा.

मग सर्व खिंडीत गेलो. बेलदाराने पहार मारिली आणि कोंडलेली हवा ऐशी घोंगावत बाहेर पडली की घोडी बुजली आणि शास्त्रीबावांचे पागोटे उडाले. मग शांत जाहले, आणि सर्व मजकडे पाहू लागले. हैबतीही पाहात होता. त्याचे हात बांधलेले होते आणि बोटांवर अजून चुना होता. महाराजांनी विचारिले, काय म्हणाला?

मी कागद पुढे केला. तो कोरा होता.

मी म्हणालो, "महाराज, काही म्हणाला नाही. मागेही म्हणाला नव्हता. ते दोन शब्द सेवकाने घातले. पान रिकामे ठेवावयाचे भय वाटले."

इतक्यात स्वार दौडत आला की हौदात पाणी पडते. हैबतीचे हात सोडिले, आणि त्यास शेला-पागोटे दिले, आणि राहिलेले दहाही मनोरे उघडिले. मजला किल्ल्यावरील कोठडीत घातले, ते रास्तच जाहले. परंतु गोमाजीची खात्री अजून जाहली नाही. मनोरा खरोखर बोलला असावा आणि मी दाबून ठेविले असावे, ऐसे तो म्हणतो.

चार दिवसांनी हैबती कोठडी पाहावयास आला. त्याने भिंत हाताने चाचपली आणि पहारेकऱ्यास म्हणाला, "हितं हवा कोंडतीया. वर नारळ जाईल येवढं भोक ठिवा." महाराजांनी परवानगी दिली आणि भोक जाहले. त्यातून पहाटेचा वारा येतो आणि मजला बरे वाटते. गोमाजीने भोकाखाली, भिंतीबाहेर एक नवा लिहिणार बसविला आहे. मी सुस्कारा टाकिला की तो लिहितो. काल वारा पडला होता आणि मीही दिवसभर गप्प होतो, तरी त्याची लेखणी कुरकुरतच होती.

येणेप्रमाणे शहरास पाणी आले, हैबती जिवंत आहे, मी आत आहे. या बखरीचे शेवटचे पान कोरे सोडिले आहे. त्यात काही नाही.