इनासकाकांना झालेला दृष्टांत

मरोळच्या गावठाणात चमत्कार झाला, की फादरना नंतर कळतं. आधी इनासकाका पोचतात. हातात भिंग, शर्टाच्या खिशात टॉर्च आणि तोंडात एकच वाक्य, "कोणी कशाला हात लावायचा नाय!"

एकदा कुणाच्या तरी घरी चपातीवर येशूचा चेहरा उमटला. बाया मेणबत्त्या घेऊन जमल्या. काकांनी चपातीकडे पाहिलंसुद्धा नाही. "तवा दाखव," म्हणाले. तव्याला पोचा होता. त्यांनी दुसरी चपाती लाटायला लावली, तिच्यावरही येशू आला. तिसरीवरही. "आता किती चपात्यांसमोर गुडघे टेकणार?" असं विचारून काकांनी तिसरी चहाबरोबर खाऊन टाकली.

सगळी नोकरी वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेली. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधायची सवय रिटायर झाल्यावर स्वर्गाकडे वळली, एवढंच. माणूस नास्तिक नाही हां! रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला पहिल्या बाकावर.

"नुसत्या चमत्कारावर जायचं नाय, कांबळे," ते मला समजावत. "बायबलात मोशेच्या भावानं काठी टाकली, तिचा साप झाला. बरोबर? पण इजिप्तच्या राजाच्या, फारोच्या जादूगारांनी टाकल्या, त्यांचेपण साप झाले! मंग? साप तर दोन्ही पार्टीकडं हाय."

त्यांचा लाडका संदेष्टा म्हणजे एलिया. स्वर्गातून अग्नी मागवण्याआधी त्याने लाकडांवर बारा घागरी पाणी ओतायला लावलं होतं. "म्हंजे कोणी बोलायला नको, खाली रॉकेल होतं. ह्याला बोलतात इन्स्पेक्शन!"

मी बाजूच्या बिल्डिंगमधला, आणि बौद्ध. त्यामुळे प्रत्येक तपासाला साक्षीदार म्हणून माझी नेमणूक पक्की. "तुझा ह्यात काय इंटरेस्ट नाय. तू न्यूट्रल."

गेल्या वर्षी मैदानात मोठा मांडव उभा राहिला. बाहेरून आलेला एक ब्रदर स्वतःला देवाचा संदेष्टा म्हणवत होता आणि डोक्यावर हात ठेवून आजार पळवत होता. काका आणि मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. व्हीलचेअरवरचा एक माणूस उठून चालायला लागला, टाळ्यांनी मांडव दणाणला. काका मात्र वाकून त्याच्या चपला बघत होते.

"टाचा झिजल्यात," ते माझ्या कानात पुटपुटले. "बसून टाचा झिजतात काय?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात स्टेजवरून पुढचं नाव पुकारलं गेलं, रेजिना, आणि काका एकदम ताठ बसले.

रेजिनाबाय म्हणजे काकांच्या वारलेल्या बायकोची, सेलिनची, मोठी बहीण. घर काकांच्या घरापासून चार दारं सोडून. तरी सेलिनकाकू गेल्यापासून नऊ वर्षं काका तिची पायरी चढले नव्हते. समोरून ती आली की ते रस्ता बदलत. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

ब्रदरने तिच्या कपाळावर तळहात टेकवला. "शुगर गेली! आजपासून सुई बंद!" रेजिनाबाय ढसाढसा रडायला लागली. काका उठले. मला वाटलं, आता स्टेजवर चढून तमाशा करणार. पण ते मांडवाबाहेर निघून गेले.

दोन दिवसांनी मी काकांच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, तर रेजिनाबायची सून धावत आली. "काका, आईनी इन्सुलिन कचऱ्यात टाकलं. मी नवीन आणलंय, तर हात लावू देत नाय. डॉक्टरचं ऐकत नाय, फादरचं ऐकत नाय. सकाळपासून उभं रायलं की चक्कर येते त्यांना."

काकांनी चपला घातल्या. मी सवयीने भिंग उचललं.

"ते राहू दे," म्हणाले. "चल."

रेजिनाबाय खाटेवर टेकून बसली होती. दारात काकांना बघून तिने तोंड फिरवलं. "वाद घालायला आलास, इनास?"

"नाय. मला दृष्टांत झाला."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"आज मिस्सात आवाज आला," काका अडखळत म्हणाले. "रेजिनाला सांग, सुई चालू ठेव. बरं करणारा मीच, पण सुईतूनपण मीच करतो."

"तुला? दृष्टांत?" तशा अवस्थेतही तिला हसू आलं. "सगळ्या गावाकडं खूण मागत फिरतोस. तुझी खूण काय?"

काका उंबरा ओलांडून आत आले आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

"मी तुझ्या घरात आलोय," म्हणाले. "आणखी काय पायजे?"

रेजिनाबायने पदराने डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली, "सुई आण गं."

परतताना मी म्हटलं, "काका, आवाज खरंच आला?"

"येडा हायस काय?"

थोडं पुढे गेल्यावर ते आपणहूनच बोलायला लागले. "सेलिनलापण असाच एक भेटला होता. रेजिनाच घेऊन गेली होती तिला. सेलिननं सुई बंद केली. मी रोज समजावायचो. रक्ताचे रिपोर्ट दाखवले, तो माणूस कसा फसवतो ते पुराव्यासकट दाखवलं. चार महिने, ती जाईपर्यंत. माझा एकपण मुद्दा चुकीचा नव्हता."

गल्लीच्या वळणावर ते थांबले.

"खोटं बोलायचं सुचलंच नाय रे, कांबळे."