हेलनबाईच्या शालीला खळ

लोकरीच्या बाबतीत आपली बोटं कधी चुकत नाहीत, असं सटवा उमापुरात सगळ्यांना सांगायचा. ज्यांना ऐकायचं नसायचं त्यांना तर आवर्जून सांगायचा. डोळे मिटून घोंगडीला नुसता अंगठा लावला, की मेंढी कोणत्या रानात चरली, लोकर कोणत्या महिन्यात कातरली आणि विणणाऱ्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं का, एवढं सगळं तो सांगून मोकळा व्हायचा. पहिल्या दोन गोष्टी कुणाला पडताळता येत नसत आणि तिसरी सहसा बरोबर निघायची, त्यामुळे त्याचं नाव टिकून होतं.

आता अशा माणसाच्या दारात श्रावणातल्या एका बुधवारी थेट ऑस्ट्रेलियातून लोकरीचं पार्सल यावं, हे तसं पाहिलं तर त्या पार्सलचंच नशीब फुटकं.

पार्सल पाठवलं होतं हेलनबाईनं. सटवाचा धाकटा मुलगा परमेश्वर परभणीला शेतीचं शिकला आणि ऑस्ट्रेलियात लोकर तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला. राहायचा या हेलनबाईच्या घरी, एक खोली घेऊन. बाई साठीच्या, एकट्या, पदरी चाळीसेक मेंढ्या. गेल्या वर्षी परमेश्वरला न्यूमोनिया झाला, तेव्हा अकरा दिवस ही बाई त्याच्या उशाशी बसून होती. इकडे त्याची आई साखराबाई नुसती फोनकडे बघत बसायची. पोरगा बरा झाल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "त्या बाईचे पाय धरायला तरी एकदा जाया पायजे."

तिथवर जाणं काही शक्य नव्हतं. मग सटवानं मागावर बसून, दोन महिने खपून, आयुष्यात विणली नव्हती अशी एक काळीभोर घोंगडी विणली आणि दिवाळीला आलेल्या परमेश्वरबरोबर ती तिकडे धाडली. "बाईला लई आवडली," एवढाच निरोप तिकडून आला. सटवाला तो पुरला नाही. आवडली म्हणजे काय? पावसात वापरली का? पाणी आत आलं का? घोंगडी विणणाऱ्याला जे ऐकायचं असतं त्यातलं काहीच परमेश्वर सांगेना. विचारलं की म्हणायचा, "आबा, रेंज न्हाई," आणि फोन बंद.

तर ते पार्सल. गेवराईच्या कॉलेजात शिकणाऱ्या बबितानं, म्हणजे सटवाच्या मुलीनं, ते उघडलं. आत एक शाल होती. दुधावरच्या सायीच्या रंगाची, दोन्ही टोकांना लांब दशा, आणि इतकी हलकी की बबितानं उचलली तेव्हा तिला वाटलं आपण नुसता कागदच उचलला. कोपऱ्यात एक चिमुकली पट्टी शिवलेली होती.

"काय लिव्हलंय?" साखराबाईनं विचारलं.

"हेलनबाईचं नाव हाय. अन् हातानं इथंच बनवलंय, असं लिव्हलंय."

"इथंच म्हंजी?" सटवा म्हणाला.

"म्हंजी ऑस्ट्रेलियात, आबा."

"मग ती बाई ऑस्ट्रेलियातच ऱ्हाती. दुसरीकडं कशाला बनवंल?"

बबितानं मग त्याला फोनवर फोटो दाखवले. हेलनबाईच्या गावी दर रविवारी बाजार भरतो आणि त्यात सगळा माल आसपासच्या लोकांनी हातानं केलेला असतो. कुणी लाकडाचे चमचे कोरून आणलेले, कुणी साबण, कुणी कातड्याच्या चपला, कुणी घरी रंगवलेले झगे. एका बाईनं मातीचे कप मांडले होते आणि त्यातला एकही सरळ नव्हता. प्रत्येक वस्तूला करणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी.

सटवा बराच वेळ बघत राहिला. त्या देशात सगळं यंत्रातून पडतं, माणसं फक्त बटण दाबतात, असं तो आजवर धरून चालला होता. तिकडेही कुणीतरी मागावर बसतं, कुणाची तरी पाठ दुखते, हे कळल्यावर त्याला फार बरं वाटलं. एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं.

"कप वाकडे हायत पण," तो म्हणाला.

"तशी फॅशन हाय तिकडं."

"असंल बाबा."

मग त्यानं डोळे मिटून शालीला अंगठा लावला. सगळं घर निकालाची वाट बघत थांबलं. सटवाच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली.

"लोकर एक नंबर. सूत एकसारखं. पर बाईनं खळ लावायचीच इसरली."

इथं खळीबद्दल सांगायला हवं. घोंगडी विणून झाली की चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवून त्याची चिकट पेज करायची, ती खळ. कुंच्यानं ती घोंगडीला पाजली आणि उन्हात वाळवली, की घोंगडीला अंग येतं. मग ती वारा अडवते, पाऊस झेलते. बिनखळीची घोंगडी म्हणजे सटवाच्या लेखी अर्धवट सोडलेलं काम. जेवण वाढून मीठ न घालण्यासारखं.

"अवो, त्यांच्यात लावत नसतील," साखराबाई म्हणाली.

"लावत नसतील कावून? मेंढरं पाळती, माग चालवती, अन् खळ ठावं न्हाई व्हय? इसरली आसंल. एकटी बाई, मागं कामं."

"हात लावू नका हां तुमी," साखराबाईनं बजावलं. रविवारी अकरा वाजता परमेश्वर फोन लावणार होता. हेलनबाई त्यावर स्वतः येणार होत्या, शाल साखराबाईच्या अंगावर बघायला. साखराबाईनं त्यासाठी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं आणि बबिताकडून 'थँक्यू' म्हणायचं शिकून घेतलं होतं. पाय धरायचे राहिले ते राहिले, निदान एवढं तरी नीट व्हावं, असं तिच्या मनात होतं.

शुक्रवारी मायलेकी गेवराईच्या बाजाराला गेल्या. पावसानं उघडीप दिली होती, ऊन कडक पडलं होतं. असं ऊन वाया जाऊ देणं सटवाच्या जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. त्याला बाईची दया आली होती. उद्या गावातली चार माणसं शाल बघायला येणार, बोटं लावणार आणि म्हणणार, हिला काही येत नाही. ज्या बाईनं आपलं लेकरू सांभाळलं तिच्या कामाला कुणी नावं ठेवावीत, हे त्याला सहन होणारं नव्हतं.

त्यानं खळ शिजवली. चांगली दाट. परक्या देशातलं काम, म्हणून हात जरा सैलच सोडला. दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवला आणि शाल दारातल्या बाजेवर पसरून मेंढरांकडे गेला.

परत आला तर शाल झक्क वाळली होती. उचलायला गेला तर अख्खी बाजेच्या आकाराची, दाराच्या फळीसारखी वर आली. भिंतीला लावून ठेवली तर उभी राहिली. सटवाला अभिमान वाटला. तेवढ्यात त्याचं लक्ष खालच्या टोकाकडे गेलं आणि मग शेजारी रवंथ करत बसलेल्या शेळीकडे. चिंचोक्याची ताजी खळ म्हणजे शेळीला पक्वान्नच. एका बाजूच्या सगळ्या दशा तिनं मन लावून, एकही न विसरता, खाल्ल्या होत्या.

साखराबाई घरी आली ती भिंतीला टेकून उभी असलेली शाल बघून उंबऱ्यातच थांबली. पिशवी खाली ठेवली, शालीजवळ गेली, बोटानं टकटक वाजवून बघितली.

"ज्या बाईनं माझ्या लेकराच्या उशाला अकरा दिवस काढले," ती हळू आवाजात म्हणाली, "तिच्या शालीची तुमी फळी केली."

"वारा यील का बघ आता आत," सटवा म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

त्यात बबितानं पार्सलाच्या तळाशी राहिलेली चिठ्ठी वाचली. हेलनबाईनं लिहिलं होतं, की सात आठवडे लागले. कळपातल्या सगळ्यात मऊ लोकरीच्या दोन मेंढ्या निवडल्या. शाल मुद्दाम इतकी मऊ ठेवली आहे, की पांघरल्यावर अंगावर काही आहे असं वाटूच नये.

"अंगावर हाय असं वाटूच ने, तर मग पांघरायची कशाला?" सटवानं विचारलं. मग मात्र त्यानं बबिताकडून चिठ्ठीतलं 'सात आठवडे' पुन्हा वाचून घेतलं. सात आठवडे, ही गोष्ट त्याला कळत होती.

धुऊन खळ काढावी, तर शनिवारी सकाळपासून पाऊस लागला. ओली शाल रविवारपर्यंत वाळायची नाही. राहता राहिल्या दशा. सटवानं दिवसभर खपून नव्या लावल्या. घरात लोकर होती ती काळी, तेव्हा काळ्या लावल्या. काम सुबक झालं, त्यात वाद नाही. एका टोकाला साय, दुसऱ्या टोकाला काजळ.

"फॅशन म्हणावं," तो बबिताला म्हणाला. "कप वाकडे चालत्यात तिकडं."

रविवारी उजाडल्यापासून साखराबाईच्या तोंडात घास गेला नाही. अकराला ती हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसली. शाल खांद्यावर घेतली, पण ती खांद्यावरून खाली पडेना. दोन्ही बाजूंना पंखांसारखी उभी राहिली. मान वळवली की कुरकुर आवाज व्हायचा.

फोन लागला. आधी परमेश्वर दिसला, मग त्याच्या बाजूला पांढऱ्या केसांची, गोल चेहऱ्याची हेलनबाई. साखराबाईनं हात जोडले, शाल कुरकुरली. "थँक्यू," ती म्हणाली आणि तिला रडूच आलं. शिकवलेलं सगळं विसरून मराठीत म्हणाली, "बाई, तुमी माझं लेकरू वाचवलं, अन् आमी तुमच्या शालीचं वाटोळं केलं."

परमेश्वरनं शालीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "आबा, खळ लावली का?"

"लावली," सटवा म्हणाला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सांग बाईला, वाईट मनानं न्हाई लावली. तिच्या कामाला कुणी नावं ठिवू ने म्हणून लावली. अन् बघ म्हणावं."

त्यानं शाल साखराबाईच्या खांद्यावरून काढली, बबिताला तिचं एक टोक धरायला लावलं, दुसरं आपण धरलं आणि साखराबाई नको नको म्हणत असताना मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाणी शालीत डबक्यासारखं साचलं. एक थेंब खाली गळला नाही. फोन जवळ नेऊन सटवानं खालची कोरडी बाजू दाखवली.

हेलनबाई पाणी बघत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि परमेश्वरशी काहीतरी भराभरा बोलू लागल्या. परमेश्वर मान हलवून नको नको म्हणत होता. शेवटी त्या उठून आत गेल्या.

"रागावली," साखराबाई म्हणाली.

"न्हाई, आई," परमेश्वर म्हणाला. "ती बी लई दिवसांपासून या फोनला भेतीया."

हेलनबाई परत आल्या. त्यांच्या अंगात एक आखूड काळा कोट होता. लाकडाची बटणं, गोल कॉलर, पुढं दोन मोठे खिसे. सटवानं बघितलं मात्र, त्याची बोटं आपोआप पुढं झाली आणि फोनच्या काचेला लागली. सहा हजार मैलांवरून त्यानं आपली लोकर ओळखली.

परमेश्वरनं भाषांतर करायला फार वेळ घेतला. "बाई म्हणती, घोंगडी आली तवा लई कडक व्हती. तिला वाटलं, परवासात भिजून खराब झाली. तुमच्या कामाला कुणी नावं ठिवू ने म्हणून तिनं गरम पाण्यात तीनदा धुतली. लई मऊ झाली. पर आटली. म्हणून मग कोट शिवला. माफी मागती म्हणाली."

खळीसाठी त्या साली सटवानं साठवणीतले चांगले चिंचोके वेचून घेतले होते. दोन महिने. आयुष्यात विणली नव्हती अशी घोंगडी. त्याला आत कुठंतरी खूप लागलं, आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की शुक्रवारी आपण नेमकं काय केलं होतं.

"इचार तिला," तो सावकाश म्हणाला, "पाऊस आला तर कोट भिजतो का?"

परमेश्वरनं विचारलं. "भिजतो म्हणती. पर खिशात लई सामान मावतं."

सटवानं मान डोलावली. "सांग, झ्याक झालाय कोट." तिकडं हेलनबाईंचा चेहरा उजळला, इकडं साखराबाईनं डोळे पुसले, बबिताच्या हातात शाल कुरकुरली, आणि दोघी बराच वेळ एकमेकींना समजत नसलेल्या भाषेत बोलत राहिल्या.

सोमवारी सकाळी सटवा मागावर बसलेला दिसला. नव्या घोंगडीचा ताणा लावून तो वितीनं काहीतरी मोजत होता, पुन्हा मोजत होता. साखराबाई चहा घेऊन आली. अंगावर शाल होती. बाहेर बुरबुर पाऊस होता आणि ती अजिबात भिजली नव्हती, पण हे ती सटवाला सांगणार नव्हती.

"काय मोजताय?"

सटवानं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "घोंगडीला खिसा लावायचा म्हणलं, तर उजवीकडं बरा का डावीकडं?"

"कुठंबी लावा," साखराबाई म्हणाली. "खळ तेवढी मला इचारून लावा."