चंदूकाकांच्या तीन चाव्या

चंदूकाकांच्या घराला तीन चाव्या आहेत आणि त्यांतली एकही त्यांच्याकडे नसते. एक शेजारच्या मालूताईंकडे, दुसरी गणू शिंप्याकडे आणि तिसरी बंदराच्या उतारावरच्या फातिमाभाभींकडे. बाहेर पडताना काका दार ओढून घेतात, कुलूप आपोआप लागतं, आणि मग स्वतःच्याच घरात शिरायला हा सत्तरीचा गृहस्थ दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. चावी मिळते, पण चहा पिऊन झाल्यावर.

जादा चष्मा, छत्री, रेशनकार्डाची झेरॉक्स, कशाचीही चौकशी करा, उत्तर एकच: "तिघांकडं हाय."

काका हर्णे बंदरात होड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करायचे. काकींना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मुंबईला.

खरं तर ही खोड त्यांच्या एकट्याची नव्हे. माझ्या लहानपणी आळीत लग्न निघालं की हंडा मालूताईंच्या सासूकडून यायचा, झारे गणूच्या वडिलांकडून आणि सतरंज्या भाभींच्या माळ्यावरून. सगळं सामान एकाच घरात ठेवावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. त्यामुळे ज्यांच्याशी वर्षभर अबोला, त्यांच्याही दारात झारे मागायला जावं लागायचं आणि झाऱ्यांबरोबर दोन शब्द यायचे. आता केटररचा टेम्पो येतो. हंड्यात मालूताईंनी तुळस लावली आहे.

मग ते मोठं वादळ आलं. छपरं उडाली, कपाटं भिजली आणि घराघरांतले फोटोंचे अल्बम विटेसारखे घट्ट होऊन बसले. काका दारोदार फिरले. जे फोटो सुटले ते सोडवून वाळवले, मोबाइलवर उतरवले. लिलावात सुरमई उचलून धरलेले माझे वडील मला असेच परत मिळाले, एका कानाशिवाय. पुढे काकांनी जुन्या कॉम्प्युटरांची पोटं फोडून अकरा डबे तयार केले आणि अकरा घरांत बसवले, मालूताईंकडे फ्रिजवर. प्रत्येक फोटोचे तुकडे करायचे, त्यांना कुलूप घालायचं आणि प्रत्येक तुकडा तीन घरांत ठेवायचा.

"म्हणजे माझ्या फ्रिजवर कोण हाय?" मालूताईंनी विचारलं.

"थोडे थोडे सगळेच."

"आनि माझं लग्न?"

"थोडं गणूकडं, थोडं भाभीकडं."

"गणू बघंल की."

"त्याला नुसता डबा दिसनार. आत कुलूप हाय."

"मंग गणूचं माझ्याकडं काय हाय, ते मला दिसंल?"

"नाय."

मालूताईंचा उत्साह तिथेच संपला. पण डबा त्यांनी ठेवून घेतला आणि त्यावर क्रोशाचा रुमालही घातला.

रोज सकाळी साडेसातला काकांची फेरी सुरू होते. प्रत्येक घरात जाऊन डब्यावर तळहात ठेवायचा. डबा गरम असला म्हणजे जिवंत. त्यासाठी हिरवा दिवा आहे की, असं मी एकदा म्हणालो.

"दिव्याचं काय सांगतोस. बोटीवर दिवा हिरवाच असायचा आनि वायरलेस मेलेला."

एका डब्याला लागतं अर्धं मिनिट. अकरा डब्यांची फेरी साडेअकराला संपते.

पण खारी हवा कोणाला सोडत नाही. अकरातले चार डबे बंद पडले. आणखी दोन गेले असते तर काही फोटो कायमचे गेले असते. अशा विखुरलेल्या साठवणीच्या कामांना परदेशातली एक संस्था अनुदान देते, हे काकांनी शोधून काढलं. अर्ज इंग्रजीत होता. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, एवढाच माझा दोष.

मी प्रश्न वाचायचा, काकांनी उत्तर सांगायचं. तुमच्या केंद्रांमध्ये भौगोलिक विविधता आहे का? "लिही. एक घर समुद्राच्या तोंडावर, दोन उताराला, एक टेकाडावर." या पद्धतीची पूर्वी चाचणी झाली आहे का? "हंडा, झारे, सतरंज्या." मी ते जमेल तितकं गंभीर इंग्रजीत लिहिलं.

शेवटच्या प्रश्नाशी गाडी अडली. तपासणी करणारा स्वतःच बंद पडला, तर बाकीच्या केंद्रांना ते कसं कळेल?

काकांनी कागद पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो पालथाच.

"लिहून टाकू, आपोआप इशारा जातो," मी म्हणालो.

"जातो काय?"

"नाही."

"मंग खोटं कसं लिहायचं, बाळ्या?" पन्नाशी उलटली तरी त्यांच्या लेखी मी बाळ्याच.

अर्जाचा शेवटचा दिवस शनिवार. त्या सकाळी सव्वाआठला मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो, तर बंद दारासमोर मालूताई चावी घेऊन उभ्या. मागून गणू आला, गळ्यात टेप तशीच. उतारावरून भाभी धापा टाकत चढत होत्या, हातात तिसरी चावी.

"साडेसातला माझ्याकडं येतात," मालूताई म्हणाल्या. "आठ झाले तवाच मी पेज शिजत टाकली."

"माझी चावी लावा, ती अडकत नाय," गणू म्हणाला.

"तू हो बाजूला."

आत काका गोधडीत मुटकुळं करून पडले होते. मालूताईंनी त्यांच्या कपाळावर तळहात ठेवला. काका रोज त्यांच्या फ्रिजवर ठेवतात तसाच, क्षणभर, नीट.

"गरम हाय," त्या म्हणाल्या.

साडेनऊपर्यंत अकराही घरांतून कोणी ना कोणी येऊन गेलं. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं. दुपारी काका उठून बसले तेव्हा ओट्यावर पेजेची सात भांडी होती. ती त्यांनी एकेक करून मोजली.

"बाळ्या, लिही. तपासनारा शनिवारी बंद पडला. पयल्या घराला अर्ध्या तासात कळलं. बाकीच्यांना दोन तासांत." मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

"आणि पेज?"

"ती नको लिहू. त्यांना पटनार नाय."

मी लिहिली.

अनुदान मिळालं. नवे डबे आले आणि त्यांच्याबरोबर एक यंत्रही आलं. ते बसवलं की सगळे डबे घरबसल्या आपोआप तपासले जातात, कोणी कुठे जायला नको, असं सोबतच्या पत्रात होतं. काकांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग ते खोकं न उघडताच माझ्या हातात दिलं.

"तुझ्याकडं ठेव. मी येऊन बगत जाईन."

तेव्हापासून काकांच्या फेरीत बारावं घर आमचं. मालूताईंकडून निघून सकाळी आठला येतात, बंद खोक्यावर तळहात ठेवतात, चहा घेतात. खोकं अर्थातच थंड असतं.

परवा सव्वाआठ झाले तरी ते आले नाहीत. मी वर्तमानपत्रातून मान वर केली, तर बायको आधीच चपला घालत होती.