भेटीची जबाबदारी पुढे सोपवली आहे

चर्चच्या मंडळीचे पाळक सगळं स्वतःच करतात, ही गंभीर बाब पंचकमिटीच्या लक्षात आली तेव्हा ते शिडीवर चढून प्रार्थनामंदिराचा पंखा पुसत होते. त्याआधी त्यांनी घंटा वाजवली होती, माइकमध्ये फुंकर मारून पाहिली होती आणि दोन भावांचं कुंपणावरून पेटलेलं भांडण विझवलं होतं. रविवारचा उपदेश शिडीवरच तयार होत होता.

"जावईबापू, खाली उतरा," सासरे म्हणाले. ते निवृत्त स्टेशनमास्तर. "तीस वर्षांत मी एकही गाडी स्वतः चालवली नाही. नुसता झेंडा दाखवला. पवित्र शास्त्रातसुद्धा पुढाऱ्याला कामं वाटून द्यायचा सल्ला त्याच्या सासऱ्यानेच दिलाय."

शास्त्र आणि सासरे एका बाजूला झाल्यावर शिडीवर कोण टिकणार? पाळक उतरले.

ठराव १ : पाळकांची सर्व कामे सोपवण्यात यावीत.
ठराव २ : ज्याला काम सोपवले त्यानेही ते पुढे किमान एकास सोपवावे. काम धरून ठेवणे हा अहंकार समजला जाईल.
ठराव ३ : पाळकांनी केवळ दिशा द्यावी.

पाळक दिशा देऊ लागले. भर दुपारी नवरा घरात दिसू लागल्यावर पाळकबाईंना त्याचं काय करायचं ते सुचेना.

तिसऱ्या आठवड्यात शिलाईकाकू स्टुलावरून घसरल्या. गायकवृंदाचे झगे चाळीस वर्षं त्यांनीच शिवलेले. खुब्याचं हाड मोडलं, शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. त्यांनी निरोप धाडला : त्याआधी कोणीतरी यावं, हात धरून दोन शब्द प्रार्थना करावी.

पाळकांनी सायकलची किल्ली उचलली. कमिटीच्या सेक्रेटरींनी ती अदबीने काढून घेतली आणि ठरावाकडे बोट दाखवलं.

भेट ऑर्गनवाल्याकडे सोपवण्यात आली. या मंडळीत कामाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. 'प्रार्थना करून कळवतो' असं म्हणायची होती. ऑर्गनवाल्याने मंगळवारपर्यंत प्रार्थना केली, तेव्हा त्याला कळलं की हे काम चष्मेवाल्याचं आहे. चष्मेवाल्याला बुधवारी कळलं की ते सुतारमामांचं आहे. प्रार्थनेत स्वतःचं नाव मात्र कोणालाच ऐकू आलं नाही. सुतारमामा व्यवहारी माणूस. दवाखान्याच्या सगळ्यात जवळ कोण आहे, एवढंच त्यांनी पाहिलं.

गुरुवारी दुपारी कमिटीपुढे त्यांनी भरलेला भेटीचा तक्ता आला.

रुग्ण : शिलाईकाकू.
भेट देणार : शिलाईकाकू.
निवडीचे कारण : जागेवर उपलब्ध.

टाळ्या झाल्या. सुटायच्या आधीच पोचलेली गाडी आपण आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, असं सासरे म्हणाले.

पाळक घरी येऊन ताटापुढे बसले, पण नजर दाराशी टेकवलेल्या सायकलवर होती.

"दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात आहे," पाळकबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी कोणाला काही सांगितलेलं नाही."

वॉर्डात काकूंचा आवाज दारापासूनच ऐकू येत होता. पडल्यापडल्या शेजारच्या खाटेसाठी त्यांची प्रार्थना चालली होती. उशाशी कमिटीने धाडलेला तक्ता, त्याखाली काकूंनी स्वतःच आखलेले रकाने. खाट सात, आठ, नऊ : भेट झाली, सही. सहा नंबरपुढचा रकाना कोरा. ती त्यांची स्वतःची खाट.

त्यांनी चष्म्यावरून पाळकांकडे पाहिलं.

"तुम्हाला कोणी सोपवलं?"

"कोणी नाही."

"मग कोणाच्या वतीने आलात?"

पाळकांना जरा आठवावं लागलं. सवय मोडली होती. "माझ्याच."

"बसा मग," काकू म्हणाल्या आणि हात पुढे केला. "दुपारपासून सगळ्या वॉर्डाला धीर देतेय, पाळकसाहेब. स्वतःला काही देता येईना."

ऑपरेशन नीट झालं. रविवारी पाळकांनी उपदेशाऐवजी हीच हकिगत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मंडळी पोट धरून हसली, दोघांतिघांनी डोळेही पुसले. निघताना प्रत्येकाने त्यांचा हात दाबून सांगितलं की फार बरं झालं बोललात, एकाला याची सक्त गरज होती. ऑर्गनवाल्याच्या मते तो चष्मेवाला. चष्मेवाल्याच्या मते सुतारमामा. सुतारमामांनी सेक्रेटरींकडे डोळ्यांनी खुणावलं.

वाचकहो, तुमच्याही मनात एव्हाना एक नाव आलं असेलच. ते तुमचं नाही, एवढं आम्ही खात्रीने सांगू शकतो.